डाव्या बाजूचा पत्रा

मिस्त्री जाऊन अठरा वर्षं झाली होती, तरी लोक त्या शेडला अजून मिस्त्रींची शेडच म्हणत. शेड चालवणारी बाई साठीला टेकली, तरी तिची ओळखही 'मिस्त्रींची मुलगी' एवढीच. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कुणी नवखा माणूस विचारत आला, "इथे पत्र्याचं काम करणारे मिस्त्री कुठे भेटतील?" तर हातातला ग्राइंडर बंद करून ती सांगायची, "मिस्त्री गेले. मी त्यांची मुलगी. बोला." मग तो आधी तिच्याकडे बघायचा, मग मागे कुणी पुरुषमाणूस दिसतोय का ते बघायचा आणि शेवटी नाइलाजाने गाडीबद्दल बोलायला लागायचा.

काम जुन्या गाड्यांचं. नव्या गाडीचं दार चेपलं तर कंपनीतून नवं दार येतं, चार बोल्ट फिरवले की झालं, त्याला मिस्त्री कशाला? पण जिचे सुटे भाग मिळेनासे होऊन पिढी उलटली, अशा गाडीचा गंजका पत्रा कापून काढायचा, सपाट पत्र्यातून त्याच मापाचा आणि त्याच वळणाचा तुकडा हाताने घडवायचा आणि असा बसवायचा की जोड कुठाय ते बोटालाही लागू नये, हे काम त्या शहरात आता तिच्याशिवाय कुणी करत नव्हतं. वर्षाला चार-पाच गाड्या यायच्या. तेवढ्यात तिचं भागायचं. एकट्या जिवाला लागतं किती!

शेडच्या मागे दोन खोल्या होत्या. एकीत ती झोपायची, दुसरीत स्वयंपाक करायची आणि ओट्याशी उभ्याउभ्याच जेवायची. दोन खुर्च्या होत्या, पण एकीवर कायम धुतलेले कपडे असायचे आणि दुसरीवर बसलं की समोर ती कपड्यांची खुर्ची दिसायची. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. बहीण दुसऱ्या शहरात, नवरा, मुलगा, सून, आता नात, असा तिचा भरलेला संसार. ती दहा मिनिटं नातीचं कौतुक सांगायची आणि शेवटी विचारायची, "तुझं काय गं?" ही म्हणायची, "माझं काय असणार? एक मडगार्ड चाललंय." दोघी हसायच्या आणि फोन ठेवायच्या. मग सोमवारपर्यंत तिचा आवाज तिलाच ऐकू यायचा नाही. सोमवारी सकाळी पहिला शब्द बोलताना घसा खाकरावा लागायचा.

आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती, बहीण आठ. बाबांनी दोघींना शेडमध्येच वाढवलं. धाकटी कोपऱ्यात बसून पुस्तक वाचायची. थोरलीला मात्र हातोडीचा नाद लागला. बाबा बाहेरून पत्रा ठोकायचे आणि ती आतून लोखंडी ठोकळा धरून बसायची. ठोकळा जरा हलला की बाबा एकच शब्द म्हणायचे, "झोपलीस?" अठराव्या वर्षी ती पोचे काढत होती, बाविसाव्या वर्षी वेल्डिंगची शिवण मारत होती. बाबांचं काम म्हणजे काय सांगावं! गिऱ्हाईक गाडी न्यायला यायचं आणि कुठला भाग नवा ते शोधत गाडीभोवती फेऱ्या मारायचं. बाबा हाताची घडी घालून मजा बघत उभे राहायचे. गंजावर पुट्टी थापून रंग मारणाऱ्या लोकांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "पुट्टीवाले" ही त्यांच्या तोंडातली सगळ्यात वाईट शिवी होती.

त्या वर्षी थंडी सरताना दातांच्या एक डॉक्टरीणबाई जुनी गाडी घेऊन आल्या. घेऊन आल्या म्हणजे ट्रकवर लादून आणली. गोल डोळ्यांची, फिकट हिरव्या रंगाची, पन्नास वर्षांची गाडी. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघायची सवय असलेल्या. मिस्त्रींच्या मुलीने त्यामुळे पहिली पाच मिनिटं ओठ घट्ट मिटूनच काढली.

"माझ्या मामांची गाडी," बाई म्हणाल्या. "मामा गेले. मूलबाळ नव्हतं, गाडी माझ्याकडे आली. कागदांत तुमच्या शेडची चिठ्ठी सापडली, म्हणून म्हटलं तिकडेच न्यावी."

चिठ्ठी बघायची गरजच नव्हती. गाडी ट्रकवरून उतरत होती तेव्हाच तिने ओळखलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हीच गाडी याच शेडमध्ये दोनदा येऊन गेली होती. पण त्यातलं ती काही बोलली नाही. गाडीभोवती फिरली, खाली वाकली, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करून कान दिला. उजव्या बाजूला दाराखालची लांबट पोकळ पट्टी, जिला या कामातले लोक गाडीचा उंबरा म्हणतात, ती पार गेली होती. बोट लावलं तर आत गेलं. पुढचं उजवं मडगार्ड खालून कुरतडल्यासारखं झालं होतं.

"दाढ किडलीय म्हणा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मुळापर्यंत."

"आणि डावी बाजू?"

"डाव्या बाजूला हात लावायची गरज नाही," ती म्हणाली आणि तिचा आवाज नकळत थोडा चढला. "ते माझ्या वडिलांचं काम आहे."

उजव्या बाजूचं काम तीन आठवडे चाललं. उंबरा म्हणजे गाडीचा कणा. तो तसाच कापला तर गाडी मधून वाकते आणि मग जन्मात दार लागत नाही. म्हणून तिने आधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या-तिडव्या जोडून गाडीला धीर दिला. मग जुना पत्रा कापून काढला. जमिनीवर तपकिरी पापुद्र्यांचा ढीग पडला. पुठ्ठ्याचा फर्मा काढला, त्यावरून नवा पत्रा कापला, वाकवला, लावून बघितला, काढला, पुन्हा दोन ठोके, पुन्हा लावून बघितला. असं वीस-पंचवीसदा. या कामात बोलायला कुणी लागत नाही. पण दुसऱ्या बाजूने ठोकळा धरायला कुणी असलं की बरं पडतं. नसल्यामुळे तिने स्वतःसाठी एक युक्ती केली होती. ठोकळ्याला चामड्याचा पट्टा बांधून तो ती मांडीने आतून दाबून धरायची आणि बाहेरून ठोकायची. दिवस संपता संपता मांडी काळीनिळी व्हायची. कुणी बघणारं नव्हतं, त्यामुळे तिला त्याचं काही वाटायचं नाही.

आणि ती गाडी समोर असल्यामुळे त्या तीन आठवड्यांत तिला रंगाऱ्याची आठवण येत राहिली.

तेव्हा शेडमध्ये दोन कामगार होते, बाबा होते, ती होती आणि रंगारी होता. रंगारी तिच्याहून वर्षाने मोठा, काटकुळा, नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग. रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. उन्हाने विटलेला, वीस पावसाळे पाहिलेला हिरवा रंगसुद्धा तो डब्यात असा उतरवायचा की गाडीला स्वतःला फरक कळू नये. एकदा हात धुताना नळापाशी त्याने तिला विचारलं, "आपण लग्न करायचं का?" इतक्या साध्या आवाजात विचारलं, की तिला आधी वाटलं साबण मागतोय. तिने सांगितलं, "बहिणीचं बाळंतपण होऊ दे. परत आले की बाबांशी बोलू." आणि ती तीन आठवडे बहिणीकडे गेली. भाचा झाला. परत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या मामांची गाडी काम होऊन गेलेलीही होती. डाव्या बाजूचं काम बाबांनी एकट्याने केलं होतं.

बाबांशी बोलायचं आज-उद्या करत राहिलं. बाबा त्या दिवसांत चिडचिडे झाले होते. आणि मग पावसाळा संपल्यावर ती गाडी परत आली. डाव्या दाराखाली रंगाला फोड आले होते. एक फोड मामांनी नखाने फोडला तर आतून ओली पुट्टी आणि गंज. मामा सज्जन माणूस, आरडाओरडा केला नाही, नुसते बघत राहिले. बाबा पांढरेफटक पडले. मग सगळ्यांसमोर त्यांनी रंगाऱ्याकडे बोट केलं. "माझ्या पाठीमागे यानं पुट्टी भरली. शेवटचा तुकडा बसवायचा राहिला होता, तो याला लावायला सांगून मी बाहेर गेलो होतो. पुट्टीवाला निघाला."

रंगारी काही बोलला नाही. त्याने बाबांकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ती एका दारावर काम करत होती. तिने मान खाली घातली आणि ठोकायला सुरुवात केली. मान वर केली तेव्हा खुंटीवरचा त्याचा डगला नव्हता.

गाडी बाबांनी पुन्हा स्वतः दुरुस्त केली. ती मदतीला गेली तर म्हणाले, "तू हात लावू नकोस. हा माझ्या नावाचा प्रश्न आहे." दोन महिने गाडी शेडच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली होती. बाबा दुपारी एकटेच तिथे जायचे. पुढे रंगाऱ्याचं लग्न झाल्याचं कळलं. तिला स्थळं आली, नाही असं नाही. पण हात काळे असलेल्या बाईबद्दल लोक दहा प्रश्न विचारतात आणि तिला एकाचंही उत्तर द्यायची इच्छा उरली नव्हती. एक पुट्टीवाला आपल्याला फसवणार होता, बाबांमुळे वाचलो, असं तिने मनाशी धरलं आणि त्यावर वर्षं काढली.

उजवी बाजू झाली. आधाराच्या नळ्या काढल्या, दार लावलं, छान खट्कन लागलं. तिने सहज म्हणून डावं दार उघडून लावलं. ते घासलं. पुन्हा उघडलं, वर उचलून बघितलं, बिजागऱ्या ठीक होत्या. दार नव्हे, गाडीच डावीकडे केसभर खाली बसली होती. ती गुडघ्यावर बसली आणि डाव्या उंबऱ्यावर पेराने टकटक केली. पहिल्या दिवशी तिने ही बाजू वाजवली होती का? नव्हती. सगळीकडे वाजवलं होतं, इथेच नव्हतं.

आवाज आला तो पत्र्याचा नव्हता. भिंतीचा होता.

 ती उठली, चष्मा चढवला आणि ग्राइंडर लावला. रंग गेला आणि लगेच तो पुट्टीचा गोडसर, नाकाला झोंबणारा वास आला. पांढरी धूळ उडाली. एक बोट जाडीची पुट्टी. 'बघा,' ती मनात म्हणाली, 'बाबा खोटं नव्हते बोलत. पुट्टीवालाच होता तो. बाबांच्या नजरेतून सुटलेली ही त्याचीच घाण.' आणि खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी बरंही वाटलं.

पुट्टीखाली पातळ पत्रा होता. तो कापून वर उचलला. आत पोकळी असायला हवी होती. आत वर्तमानपत्रं कोंबलेली होती, चुरगाळून, गच्च. त्यांच्यामागे आणखी एक पत्रा, त्याच्यामागे आणखी पुट्टी आणि सगळ्यात आत मूळचा पत्रा, जो कुणी कधी कापलाच नव्हता. त्याचं पीठ झालं होतं. तिने वर्तमानपत्राचा एक बोळा काढून मांडीवर सरळ केला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती.

त्या तारखेला रंगारी शेडमधून जाऊन दोन महिने होत आले होते.

तिने तारीख पुन्हा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग कापून काढलेला बाहेरचा पत्रा उचलला आणि उलटा केला. आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर कधीच जाणार नव्हती तिथे, खिळ्याने कोरलेला छोटा बाण होता. कुठली बाजू वर ते कळावं म्हणून बाबा प्रत्येक तुकड्यावर तसा बाण काढायचे. आतला, आधीच्या वेळचा पत्रा काढला. त्यावरही बाण. मग तिने दोन्ही पत्र्यांवरच्या वेल्डिंगच्या शिवणीवरून बोट फिरवलं. बाबांची शिवण कशी असायची, शिंप्याच्या टाक्यांसारखी एकसारखी! ही वाट चुकलेल्या माणसासारखी इकडे-तिकडे भरकटली होती. एका ठिकाणी जोड सोडून पार दोन बोटं बाजूला गेली होती आणि तिथे पत्र्याला भोक पडलं होतं.

त्या दिवशी तिने पुढे काम केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बहिणीला फोन लावला. वार रविवार नव्हता, त्यामुळे बहीण घाबरलीच. "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबांबद्दल विचारायचं होतं. तुझ्या बाळंतपणाच्या वेळी बाबा काही बोलले होते का, त्या हिरव्या गाडीबद्दल?"

"अगं, मला काय आठवतंय! मी तेव्हा कुठल्या जगात होते. का?"

तिने सांगितलं. पलीकडे नात रडत होती, कुकरची शिट्टी झाली. बहीण म्हणाली, "जाऊ दे ना आता. बाबा गेले, गाडीवाले गेले. कोण विचारतंय?" मग जरा थांबून म्हणाली, "तुला त्रास होतोय का?"

"नाही गं," ती म्हणाली. "उंबरा पुन्हा करावा लागणार, एवढंच."

तिसऱ्या दिवशी तिने धुतलेला सदरा घातला, नखं घासघासून साफ केली आणि दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. रंगाऱ्याचं दुकान कुठाय हे तिला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं माहीत होतं. आता तिथे त्याचा मुलगा गाड्या रंगवायचा. मागच्या अंगणात, सावलीत, रंगारी एका टेबलाशी बसला होता. केस पांढरे, अंग अजून काटकुळंच. समोर रंगाचे छोटे डबे होते आणि तो काडीने एकात काही तरी ढवळत होता. हात जरा कापत होता.

त्याने वर बघितलं आणि लगेच ओळखलं. "ये," तो म्हणाला. "बस."

"तुम्ही बरे आहात ना?" तिने विचारलं. पूर्वी ती त्याला अरे-तुरे करायची. आता जीभ धजली नाही.

"हात सोडला तर बरा आहे."

तिने पिशवीतून तो वर्तमानपत्राचा कागद काढून टेबलावर ठेवला. बाण कोरलेला पत्र्याचा तुकडाही ठेवला. त्याने कागदाला हात लावला नाही. पत्रा मात्र उचलला, उलटा केला, अंगठा शिवणीवरून फिरवला आणि खाली ठेवला.

"कुठल्या गाडीचा ते विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"विचारायचं काय? मला माहीत आहे."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"रंग मीच मारला होता ना पहिल्यांदा. हात फिरवला की कळतं खाली काय आहे. मी मिस्त्रींना म्हटलंही, की हे टिकणार नाही. ते म्हणाले, तू रंग मार." तो काडी पुसत थांबला. "त्यांना दिसेनासं झालं होतं गं. बाजूचं काही दिसत नव्हतं, समोरचं तेवढं, तेही नळीतून बघावं तसं. वेल्डिंगची ज्योत जोडावर धरायची म्हणजे अंदाजाने. तू असताना अवघड जागा तू करायचीस, म्हणून निभत होतं. तू बहिणीकडे गेलीस आणि ते उघडे पडले."

तिला आठवलं, बाबांना काचबिंदू असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हे फार जुनं आहे, आधी कसं लक्षात आलं नाही? बाबा म्हणाले होते, वयामुळे वाटलं.

"मग बोलला का नाहीस?" ती म्हणाली. जीभ आपसूक जुन्या वळणावर गेली. "सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं त्यांनी. एक शब्द बोलला असतास!"

"तुझ्याकडे बघितलं होतं मी."

तिने टेबलावरचा पत्रा आपल्याकडे ओढला.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," रंगारी म्हणाला. "रोज त्यांच्याजवळ काम करायचीस. तुला माहीत नाही असं होईल कसं? मला वाटलं, माहीत असून तू मान खाली घातलीस. बापाची इज्जत राहावी म्हणून. मग म्हटलं, हिनेच ठरवलंय तर आपण काय बोलायचं? आणि गेलो."

"मला माहीत नव्हतं."

"हं."

"खरंच माहीत नव्हतं."

"कळलं आता." त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "अठ्ठावीस वर्षं तुझा राग धरला होता मी. चांगला मुरवला होता. आता त्याचं काय करू?"

हे तो विनोदाने म्हणाला की कसा, तिला कळलं नाही. दोघांनाही हसू आलं मात्र आणि ते लगेच विरलं. तेवढ्यात घरातून त्याची बायको बाहेर आली. गोल चेहऱ्याची, हसरी. "कोण आलंय?" तिने विचारलं.

"मिस्त्रींची मुलगी," रंगारी म्हणाला. "पूर्वी एकत्र काम करायचो आम्ही."

"अगंबाई, मग चहा तरी विचारायचा!" ती म्हणाली आणि आत गेली. चहा आला. तिने तो बसून प्यायला. रंगाऱ्याच्या बायकोने तिला गुडघ्यांबद्दल विचारलं, एकटी राहतेस तर जेवणाचं काय करतेस असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत घरच्यांच्या जेवणाच्या खोड्या सांगितल्या. चांगली बाई होती. तिच्यावर राग काढायला कुठेच जागा नव्हती.

बसमध्ये बसल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तिला बाबा दिसत राहिले. भर दुपारी ताडपत्रीखाली वाकून, डोळे पत्र्याला टेकवून, चाचपडत वेल्डिंग करणारे. तिला हाक मारली असती तर ती तासाभरात करून देणार होती. हाक मारायचीच नव्हती त्यांना. त्यापेक्षा दुसऱ्याच्या पोटावर पाय देणं त्यांना सोपं गेलं होतं. तिला त्यांची दया आली आणि त्यांचा इतका राग आला, की उतरायचा थांबा मागे गेला.

डॉक्टरीणबाईंना तिने शेडवर बोलावलं आणि उघडी पडलेली डावी बाजू दाखवली. "हे माझ्या वडिलांचं काम आहे," ती म्हणाली. पहिल्या दिवशी म्हटलेलंच वाक्य, पण आता ते तोंडातून निघायला वेळ लागला. "हात लावायची गरज नाही म्हणाले होते मी. चूक झाली माझी. तुमच्या मामांना फसवलं होतं आम्ही. दोनदा."

डॉक्टरीणबाई वाकून, डोळे बारीक करून बघत राहिल्या. "कीड तशीच ठेवून वर सिमेंट," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही असतात असे. मी स्वतः केलंय एकदा, नवी असताना. त्या माणसाचं तोंड अजून आठवतं." मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "मामांना कळलं होतं बहुतेक. पावसात गाडी कधी बाहेर काढायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, तिची डावी बाजू नाजूक आहे. किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे."

"घ्या."

तिने चार घेतले. सगळं कापून काढलं, अगदी आतल्या पत्र्यापर्यंत, चांगलं लोखंड लागेपर्यंत. पाणी निथळायला खालून भोकं ठेवली, पोकळीच्या आत गंजरोधक रंगाचे दोन हात दिले. शिवण मारताना हात एकदाही हलला नाही. बाबांनी बघितलं असतं तर गप्प बसले असते. त्यांची शाबासकी तेवढीच असायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, की त्यांनी बघितलं काय, नाही बघितलं काय. त्याने मोकळं वाटायला हवं होतं. पण शेडमध्ये आधी निदान बाबांची नजर तरी असायची पाठीवर. आता तीही नव्हती. हातोडी थांबली की इतकं शांत व्हायचं, की छपराचा पत्रा उन्हाने तडकतो तो आवाजही मोठा वाटायचा.

गाडी रंगवायला रंगाऱ्याच्या मुलाकडे नेली. रंग म्हाताऱ्याने जुळवला. काडी मुलगा धरायचा आणि हा खुर्चीत बसून सांगायचा, पिवळा एक थेंब, काळा नको, काळा नको म्हटलं ना! रंग लागण्यापूर्वी तो उठला, काठी टेकत आला आणि कापरा हात डाव्या उंबऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला.

"जोड कुठाय?" त्याने विचारलं.

"शोध की."

त्याने पुन्हा हात फिरवला. मग मान हलवली. "नाही सापडत," तो म्हणाला आणि मुलाला हाक मारून म्हणाला, "घे रे रंगवायला." त्यानंतर त्यांचं एवढंच बोलणं झालं. ती निघाली तेव्हा तो दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या लाल रंगात गुंतला होता.

गाडी न्यायला डॉक्टरीणबाई आल्या त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. दारं उघडून-लावून झाली, किल्ली फिरली, इंजिन सुरू झालं. बाई म्हणाल्या, "बसा, एक चक्कर मारू." ती नको नको म्हणत बसली. गाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण कुणाच्या शेजारच्या सीटवर बसून हिंडायला अशी ती क्वचितच गेली होती. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. शेवटी मांडीवर ठेवले. बाई हळू चालवत होत्या, मामांच्या गोष्टी सांगत होत्या. बाजार गेला, शाळा गेली, नदीवरचा पूल आला. पुलाच्या सांध्यांवरून गाडी गेली तेव्हा तिने कान टवकारले. कुठेही खडखड नाही. गाडी एकसंध, ताठ चालली होती.

पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "मला इथे सोडा."

"इथे? अहो, मी शेडपर्यंत सोडते. कुणी येणार आहे का न्यायला?"

"कुणी नाही. चालत जाईन जरा."

डॉक्टरीणबाईंनी गाडी कडेला घेतली. उतरून तिने दार लावलं. बाईंनी काचेतून हात हलवला आणि ती हिरवी गाडी रहदारीत शिरून वळणावर दिसेनाशी झाली. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग रस्ता ओलांडून पुलाच्या कठड्याशी आली. खाली पाणी कमी होतं, दगड उघडे पडले होते. मागून एक जोडपं भांडत गेलं, एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. शेडमध्ये कुठलीच गाडी उभी नव्हती, उद्याला काही काम नव्हतं आणि घाई कशाचीच नव्हती. ती कठड्याला हात लावून हळूहळू चालायला लागली.